तळ दिसेना

माझ्या मामाला पोहता येत नव्हतं. उभं आयुष्य त्याने पोहण्याच्या तलावावर काढलं, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. कुणी चिडवलं की म्हणायचा, "आचारी काय स्वतःच्या कढईत उतरून बघतो का?"

तलावावर येणारी माणसं त्याला निवळशंख म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. पुढे पुढे तर नव्या माणसाला ते त्याचं आडनावच वाटायचं. पाणी निवळ ठेवणं हे त्याचं काम. तरुणपणी तो कापड रंगवायच्या कारखान्यात होता. हंड्यातल्या निळ्यात हिरवा जरा जास्त झालाय हे तो तिथे नुसत्या नजरेने सांगायचा. कारखाना बंद पडला, इकडे पंपावर मदतनीस हवा होता, म्हणून तो आला. जुना पंपवाला निवृत्त झाल्यावर पंपघराची किल्ली मामाच्या कमरेला लागली ती कायमची. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचा, "या एका पाण्याचे रुसवे काढताना नाकी नऊ येतात, दुसरीचे कोण काढणार?"

घरात आम्ही तिघं. मामा, त्याची मोठी बहीण म्हणजे माझी आई, आणि मी. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाकडे आली. पण भावाला लहानपणापासून तिनेच वाढवलेलं, त्यामुळे कोण कुणाच्या आश्रयाला आलं हे सांगणं अवघड होतं. दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायची जागा, आणि मामाच्या कपड्यांतून घरभर पसरलेला क्लोरीनचा वास. मी मोठी झाल्यावर मामाच्या शब्दावर मला तलावाच्या तिकीट खिडकीवर काम मिळालं. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं मी त्या खिडकीतून पाहिलं. उरलेलं मला आईने आणि मामाने नंतर सांगितलं.

सकाळी पहिली माणसं यायच्या आत मामा काठाने एक फेरी मारायचा. मग खोल बाजूला जाऊन तळाकडे बघत उभा राहायचा. तळाला काळ्या फरश्यांचा एक पट्टा होता. त्याच्या कडा रेखीव दिसल्या तर तलाव उघडायचा, नाहीतर नाही. व्यवस्थापकही त्याला विचारल्याशिवाय दार उघडत नसत. मामा सांगायचा, "जिथे पट्टा दिसत नाही तिथे माणूसही दिसत नाही."

नंतर तो छोट्या काचेच्या बाटलीत तलावातलं पाणी घ्यायचा आणि त्यात औषधाचे थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे. पिवळा फिकट असेल तर कमी, दाट असेल तर जास्त. त्या रंगावरून तो पावडरचं माप ठरवायचा. रंगाच्या कारखान्यातून आलेल्या माणसाला हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ होता.

आणि त्याचे नेमके डोळेच बिघडायला लागले.

आधी आईच्या लक्षात आलं. मामा चहा ओतताना थोडा कपाबाहेर ओतायचा आणि बशीत पडलेला चहा पाहून कपालाच दोष द्यायचा. रस्त्यात ओळखीचं माणूस बोलल्याशिवाय त्याला ओळखू यायचं नाही. एकदा आईने नवी कोरी पांढरी चादर दोरीवर टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही चादर पिवळी पडलीय का रे?"

"पडलीय की," मामा म्हणाला. "जुनी झाली आता."

आईने चादर परत काढली, घडी घातली आणि त्याच्या समोर बसली. "कधीपासून?"

मामाने आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. सगळ्यावर धुक्याचा पडदा होता, आणि धुकंही पिवळसर. मोतीबिंदू आहे हे त्याला कळत होतं. पण डॉक्टरचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरायचा. त्याला कारणही होतं. माझ्या आजोबांचा डोळा ऑपरेशननंतर पिकला होता. मामा तेव्हा लहान होता आणि वडिलांची पट्टी बदलायचं काम त्याच्याकडे होतं. त्या पट्टीखाली त्याने काय पाहिलं ते तो कधी बोलला नाही. एवढंच म्हणायचा, "ताई, डोळ्याला हात लावू देणार नाही. काय वाटेल ते कर."

"मग पाण्याकडे कोण बघणार?"

तेव्हा आईने जे ठरवलं ते तिचं तिलाच सुचू शकत होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय असं तिने सगळीकडे जाहीर केलं आणि रोज सकाळी दार उघडायच्या आधी ती भावाबरोबर तलावावर यायला लागली. मामा बाटलीत थेंब टाकायचा आणि बाटली काठावर ठेवून द्यायचा. आई तिच्याकडे एक नजर टाकायची आणि मोठ्याने म्हणायची, "आज चहा पातळ झाला होता हं." म्हणजे क्लोरीन कमी. "आज चहा बरा होता," म्हणजे ठीक. "आज कडक झाला होता," म्हणजे हात आवर. गुडघा मोकळा वाटतोय असं ती म्हणाली तर तळाचा पट्टा स्पष्ट, गुडघा धरलाय म्हणाली तर नाही.

घरी चहा मी करायचे. रोज सकाळी खिडकीत बसून माझ्या चहाची अशी जाहीर चिरफाड ऐकताना मला राग यायचा. एकदा तर मी आईला सुनावलं, "उद्यापासून तूच कर." ती हसली आणि म्हणाली, "तुझ्या चहाला कोण नावं ठेवतंय?" मला काही कळलं नाही.

असं बरेच महिने चाललं. पाणी निवळशंख, गुडघा मोकळा, कुणाची तक्रार नाही. मामाला वाटायला लागलं, असंच चालेल. आईलाही बहुधा तसंच वाटलं असावं.

मग उन्हाळा तापायला लागला आणि आई म्हणाली, "मी जरा तुझ्या आत्याकडे जाऊन येते. ती पडलीय, कामाला कुणी नाही." आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, ती दूर मोठ्या शहरात राहायची. निघताना आईने मामाला बाजूला घेतलं. "माझ्या मागे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते जमत नसेल तर निदान त्या शिट्टीला खरं सांग."

शिट्टी म्हणजे आमच्या तलावाची जीवरक्षक. तरणी, काटक मुलगी, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ते नाव. उंच खुर्चीवर बसून ती डोळ्यात तेल घालून पाण्यावर लक्ष ठेवायची. मामाला ती काका म्हणायची आणि त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायची.

मामाने आईला दोन्ही गोष्टी करतो म्हणून सांगितलं. एकही केली नाही.

तो एकट्यानेच बाटलीत थेंब टाकायचा. त्याच्या डोळ्यांना जग मुळात पिवळंच दिसत होतं, त्यामुळे बाटलीतलं पाणीही पिवळं, चांगलं दाट पिवळं दिसायचं. त्याला वाटायचं, चहा कडक झाला. लोकांचे डोळे चुरचुरतील म्हणून तो पावडर कमी करायचा. उन्हाळ्याची गर्दी, डोक्यावर ऊन, आणि पाण्यात क्लोरीन दिवसेंदिवस कमी. गाळणीच्या टाकीवरचा दाबाचा काटा वर चढत होता, म्हणजे आतली वाळू घाणीने तुंबत होती. तो काटा मामाला दिसत नव्हता आणि दुसरं कुणी तिकडे फिरकत नव्हतं.

पाण्याची आधी चमक गेली. मग ते तांदूळ धुतल्यासारखं दिसायला लागलं. भिंतींवर हात लावला की बुळबुळीत लागायचं. शिट्टी एकदा पंपघराच्या दारात येऊन म्हणाली, "काका, पाणी मंद वाटतंय का हो?"

मामाला तर पाणी केव्हापासूनच मंद दिसत होतं. त्याची समजूत होती की हा दोष आपल्या डोळ्यांचा आहे, पाण्याचा नाही. म्हणून तो म्हणाला, "उन्हाची तिरीप आहे, बाई. मी तपासलंय. चांगलं आहे पाणी."

ती परत खुर्चीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून मात्र ती सारखी पुढे वाकून बघायची, कपाळावर हात धरून. मला खिडकीतून तिची पाठ दिसायची. ती पाठ कधी खुर्चीला टेकलेली मी पुन्हा पाहिली नाही.

ज्या दिवशीचं सांगायचंय तो दिवस फार उकाड्याचा होता. दुपारची वेळ संपली, शिट्टीने शिट्टी फुंकली, माणसं बाहेर आली, अंग पुसून, कपडे करून निघून गेली. तलावात जाणाऱ्या प्रत्येकाला मी रबराच्या पट्ट्यातला एक बिल्ला द्यायचे. जाताना तो परत घ्यायचा आणि फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. त्या दिवशी सगळे गेले तरी एक खिळा रिकामा राहिला.

मला वाटलं, कुणीतरी विसरून घेऊन गेलं असेल. तसं व्हायचं अधूनमधून. पण तेवढ्यात झाडूवाली मावशी आतून आली. "या चपला कुणाच्या गं? खोल बाजूला काठावर आहेत."

जुन्या चामड्याच्या चपला. एका पट्ट्याला निळ्या दोऱ्याने टाके घातलेले. ते टाके सगळ्यांच्या ओळखीचे होते. चपला कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याच्या होत्या. मध्यम वयाचा, एकटाच पोहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. पुरुषांच्या खोलीत पाहिलं, कुणी नाही. न्हाणीघरांची दारं एकेक करून उघडली, कुणी नाही. त्याच्या नंबरावर फोन लावला. वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला, तेच.

मग आम्ही पाण्याकडे बघितलं.

पाणी अगदी शांत होतं. वारा नव्हता, एक तरंग नव्हता. नुसता पांढुरका पडदा. काठापासून हातभर अंतरावर भिंत दिसत होती, त्याच्या खाली काहीच नाही. रोज त्याच पाण्यात माणसं पोहत होती, मुलं उड्या मारत होती, आणि आपल्याला खालचं काही दिसत नाही हे आम्हा सगळ्यांना त्या क्षणी एकदम कळलं.

शिट्टीने सूर मारला. बराच वेळ ती वर आली नाही. आली तेव्हा धापा टाकत म्हणाली, "तळ लागतो, पण दिसत नाही. माझा हातसुद्धा मला दिसत नाहीये." पुन्हा आत गेली. संध्याकाळच्या वेळेसाठी लवकर आलेली काही माणसं दाराशी उभी होती. त्यातले दोन चांगले पोहणारे तिच्या मागोमाग खोल बाजूला उतरले. एकजण घड्याळवाल्याच्या दुकानाकडे धावत सुटला.

मामा पंपघरातून आला होता. खोल बाजूच्या काठावर तो गुडघे टेकून बसला आणि पाण्यावर वाकला. शिट्टी वर आली, काठ धरला, आणि तिला वाटलं की काका इतका रोखून बघतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसतंय. "काका, खाली काही आहे का? कुठे? सांगा ना, कुठे?"

मामाने नकारार्थी मान हलवली.

"पट्टा तरी दिसतोय का?"

"मला काहीच दिसत नाही, पोरी," मामा म्हणाला. "वर्ष होऊन गेलं. मला पट्टा दिसत नाही."

शिट्टी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. मग ती वळली आणि पुन्हा खाली गेली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

उथळ बाजूला आम्ही साखळी केली. पाण्यातली शोधाशोध अशी करतात हे मला माहीत नव्हतं. शिट्टीनेच ओरडून सांगितलं. एकमेकांचे हात धरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि पायांनी तळ चाचपत सगळ्यांनी एकदम पुढे सरकायचं. झाडूवाली मावशी, मी, व्यवस्थापक आपल्या इस्त्रीच्या कपड्यांसकट, अनोळखी चार माणसं. आणि मामा. ज्या माणसाने गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलं नव्हतं तो छातीपर्यंतच्या पाण्यात माझा हात धरून उभा होता. त्याची पकड इतकी घट्ट होती की माझी बोटं बधिर झाली.

आम्ही एक पाऊल टाकायचो आणि थांबायचो. एक पाऊल, थांबायचो. पायाखाली फरशी, बुळबुळीत, मग फरशी, मग फरशी. आपला पाय कशाला लागू नये असं प्रत्येकाला वाटत होतं आणि लागावा म्हणूनच आम्ही चालत होतो. मध्येच मावशी किंचाळली. तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं होतं. साखळी तुटली, सगळे मागे सरले. मामा मात्र पुढे गेला. तो वाकला, त्याचं डोकं पाण्याखाली गेलं आणि मला ओरडायचंही सुचलं नाही. खोकत, गुदमरत तो वर आला तेव्हा त्याच्या हातात एक भिजून जड झालेला टॉवेल होता.

टॉवेल बघून कुणालाच हायसं वाटलं नाही. आम्ही पुन्हा हात धरले.

इतक्यात दारातून आवाज आला, "अहो, मी इथे आहे!"

घड्याळवाला. श्वास फुललेला, कपाळावर सरकवलेलं भिंग तसंच, मनगटात आमचा बिल्ला. त्याने नवे सँडल घेतले होते आणि ते घालून तो दुकानात गेला होता. जुन्या चपला त्याने मुद्दामच काठावर ठेवल्या होत्या, कुणा गरजूच्या उपयोगी पडतील म्हणून. फोन पिशवीत वाजत होता, पण घड्याळ उघडलेलं असताना तो फोन घेत नसे.

कुणी हसलं नाही. व्यवस्थापक पाण्यात उभ्याउभ्याच रडायला लागले. घड्याळवाला आमच्या भिजलेल्या कपड्यांकडे, तोंडांकडे आणि पांढऱ्या पाण्याकडे बघत होता. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की एवढा वेळ या सगळ्यांच्या लेखी आपण त्या पाण्याच्या तळाशी होतो.

शिट्टी बाहेर आली ती सरळ मामापुढे उभी राहिली. "मी तुम्हाला विचारलं होतं, काका. पंपघराच्या दारात येऊन विचारलं होतं."

"हो."

"आज खरंच कुणी गेलं असतं, तर लोकांनी मला विचारलं असतं, खुर्चीवर बसून काय बघत होतीस? आणि मी काय सांगणार होते?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

मामाने त्याच ओल्या कपड्यांत व्यवस्थापकांना सगळं सांगितलं, चहाचं आणि गुडघ्याचंसुद्धा. तेव्हा मला माझ्या चहाचा उलगडा झाला. तलावाच्या दाराला कुलूप लागलं. व्यवस्थापक कपाळ चोळत म्हणाले, "एवढं पाणी निवळून द्या. मग डोळ्यांचं करून या. त्यानंतर बघू." दुसरा माणूस मिळेपर्यंत त्यांनाही गत्यंतर नव्हतं. अट एकच, मामाने एकट्याने काही करायचं नाही. म्हणून मी बरोबर राहिले.

पंपघरात पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. पावडरच्या पिंपाला अगदी खेटून ॲसिडचा कॅन उभा होता, झाकण अर्धवट लागलेलं, नावाची चिठ्ठी भिंतीकडे. मामा माझ्या लहानपणापासून मला सांगत आला होता की या दोघांची गाठ कधी पडू द्यायची नाही, जो धूर निघतो तो छातीत घुसतो. माल आणून देणाऱ्याने कॅन तिथे ठेवला होता, आणि मामा जागेवरून वस्तू ओळखत असल्यामुळे तो तिथे आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मी सांगितल्यावर तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "कॅन बाहेर ने. सावकाश. आपटू नकोस."

"आता काय टाकायचं?" मी विचारलं.

"अजून काहीच नाही. घाई झालेला माणूस आधी पावडर ओततो. आधी पाण्याला विचारायचं, तुला झालंय काय."

क्लोरीनची बाटली मी उन्हात धरली. पिवळा रंग आलाच नाही, नुसतं पाणी. मामाने डोळे मिटले. दुसऱ्या बाटलीत लाल औषधाचे थेंब टाकून आंबटपणा पाहिला. "लाल कसला? विटेसारखा?"

"नाही. गुलाबी, जांभळ्याकडे झुकलेला."

"म्हणजे आंबटपणा गेलाय, पाणी खाराकडे चढलंय. आधी ॲसिडने खाली आणायचं, नाहीतर क्लोरीन नुसतं पडून राहतं, काम करत नाही. बादलीत आधी पाणी घे, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही."

मग गाळणीतून उलटं पाणी सोडून वाळू धुतली. बाहेरच्या नळीतून निघालेलं पाणी चिखलासारखं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. भिंती ब्रशने घासल्या. ऊन उतरल्यावर क्लोरीनचा मोठा डोस दिला, कारण उन्हात ते उडून जातं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हिरवट बुळबुळीतपणा मेला होता, पण बारीक पांढरा गाळ तसाच तरंगत होता. तेव्हा मामाने तुरटी काढली. पाण्यात विरघळवून आम्ही ती काठाकाठाने सगळीकडे शिंपडली आणि पंप बंद केला. पाण्याला हात लावायचा नाही, हलवायचं नाही.

सकाळी तळाशी राखाडी गाळाची चादर बसली होती आणि वरचं पाणी स्वच्छ. ती चादर नळीने सावकाश ओढून, गाळणीत न जाऊ देता, थेट गटारात सोडायची होती. जरा जोरात हात चालला की गाळ उठायचा आणि मामा नळीच्या आवाजावरून ओळखून म्हणायचा, "हळू." दुपारपर्यंत काळ्या पट्ट्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या दिसायला लागल्या.

"दिसतोय?" त्याने विचारलं.

"दिसतोय."

"तिलाही बोलाव. तिने स्वतः बघू दे."

शिट्टी आली. खोल बाजूला बराच वेळ उभी राहिली. मामाशी एक शब्द न बोलता तिने व्यवस्थापकांना हात केला आणि दार उघडलं गेलं.

आई परत आली ती थकून. आत्याची शुश्रूषा अंगावर आली असेल असं मला वाटलं. झालेलं सगळं तिने ऐकून घेतलं, भावाला रागावली नाही. फक्त म्हणाली, "चल आता. मी आहे बरोबर."

मामा गेला. ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत त्याने आईचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायच्या वेळी तो लहान मुलासारखा घाबरला होता. बाईंनी, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांनी, पट्टी उचलली. मामाने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोरची भिंत बघून म्हणाला, "अरे, ही पांढरी आहे. निळसर पांढरी." बाईंचा कोट बघितला. माझा निळा सदरा बघितला. मी जशी आहे तशीच त्याला दिसले असावे, कारण तो हसला. मग तो आईकडे वळला.

"ताई, तू अशी पिवळी का दिसतेस?"

आम्ही हसलो. मी म्हटलं, "अजून डोळ्याला सवय व्हायचीय."

"नाही," मामा म्हणाला. "भिंत पांढरी आहे. कोट पांढरा आहे. हीच पिवळी आहे. हिचे डोळे बघ."

बाई पुढे झाल्या. त्यांनी आईला खिडकीपाशी नेलं, पापणी खाली ओढली, आणि त्यांचं हसू थांबलं. मग मीही पाहिलं. रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी गोष्ट कळत नाही म्हणतात. पण एकदा कुणी बोट दाखवलं की दुसरं काही दिसतच नाही. आईच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा झाला होता.

आईला हे माहीत होतं. आत्या पडलीच नव्हती. तिच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात आई तपासण्यांसाठी गेली होती. पोटात, यकृताच्या खाली, गाठ होती. "आधी त्याचा डोळा होऊ दे, मग माझं बघू," असं तिने आत्याला सांगितलं होतं. तेवढ्या दिवसांनी काही फरक पडला असता का, ते डॉक्टरांनी आपण होऊन सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही. त्या महिन्यांत मामा तिच्या खाटेजवळ बसून नुसता तिच्याकडे बघत राहायचा. "काय रे सारखं बघतोस?" ती विचारायची. तो म्हणायचा, "मधलं राहिलंय ते बघून घेतोय." दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्याने ती गेल्यावर केलं. औषधाचे थेंब मी घातले.

मामा पुन्हा तलावावर जातो. पंपघराची किल्ली आता दुसऱ्याकडे आहे, मामा त्याच्या हाताखाली आहे आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही. सकाळी तो खोल बाजूच्या एका काठावर उभा राहून पट्टा बघतो आणि शिट्टी दुसऱ्या काठावर. दोघं एकमेकांना काही विचारत नाहीत. पूर्वी ती त्याच्यासाठी जेवणाच्या डब्यातलं काहीतरी काढून ठेवायची, ते तिने पुन्हा कधी केलं नाही. तोही वाट बघत नाही.

घरी मात्र त्याला नवी खोड लागली आहे. मी कामाला निघाले की तो मला खिडकीपाशी उभी करतो. "इकडे, उजेडात ये. वर बघ." मग अंगठ्याने माझी पापणी खाली ओढतो आणि बघत राहतो, रंगाच्या हंड्यावर उभं राहिल्यासारखा, श्वास रोखून. एकदा मला उशीर होत होता. मी चिडून म्हटलं, "मामा, मला काही झालेलं नाही."

"तीही असंच म्हणायची," तो म्हणाला, आणि त्याने माझी दुसरी पापणी खाली ओढली.